घरून नोकरी आणि घरीच शाळा: दोन्ही एकत्र जमतं का?

सकाळचे साडेनऊ वाजलेत. आई लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली आहे. आतल्या खोलीतून हाक येते, "आई, हातचा कुठे लिहायचा?" आई माईक बंद करते, आत जाऊन दोन मिनिटांत दाखवते आणि परत येते. तेवढ्यात मीटिंगमध्ये कोणीतरी तिचं नाव घेऊन काहीतरी विचारलेलं असतं आणि सगळे तिच्या उत्तराची वाट पाहत असतात.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये असा प्रसंग घरोघरी घडला. शाळा उघडल्यावर बहुतेक मुलं वर्गात परतली. पण काही पालकांच्या मनात एक विचार राहून गेला. नाशिकसारख्या शहरात राहून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम घरून करता येत असेल, तर मुलांनाही घरीच शिकवता येईल का? पगारही चालू राहील, मूलही डोळ्यांसमोर राहील.

याचं थोडक्यात उत्तर असं: जमतं, पण एकाच वेळी नाही. कामाचे तास आणि शिकवण्याचे तास वेगळे काढावे लागतात. ते कोण काढणार हे आधी ठरवावं लागतं. आणि मुलाला शाळेत किंवा परीक्षेकडे परतण्याची वाट उघडी ठेवावी लागते. या तिन्ही गोष्टी एकेक करून पाहू.

होमस्कूलिंग म्हणजे नेमकं काय?

मुलाचं नाव कोणत्याही शाळेच्या पटावर नाही आणि त्याच्या शिक्षणाची पूर्ण जबाबदारी पालकांनी घेतली आहे, याला होमस्कूलिंग म्हणतात. शाळेचे ऑनलाइन तास घरी बसून करणं म्हणजे होमस्कूलिंग नव्हे. तिथे अभ्यासक्रम, शिक्षक, परीक्षा आणि दाखला सगळं शाळेचंच असतं. शाळा करून संध्याकाळी क्लासला जाणं तर नव्हेच नव्हे.

लॉकडाऊनच्या अनुभवावरून होमस्कूलिंगचा अंदाज बांधू नये, असं म्हणतात ते याचसाठी. त्या काळात शिकवण्याची जबाबदारी शाळेकडेच होती, फक्त जागा बदलली होती. होमस्कूलिंगमध्ये आज काय शिकायचं, कशातून शिकायचं आणि ते आलं की नाही हे कसं ओळखायचं, हे तिन्ही प्रश्न रोज पालकांपुढे असतात. हे मुलांसाठीचं वेगळं काम आहे आणि त्याला वेगळा वेळ लागतो.

कायद्याने चालतं का?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळालं पाहिजे, असं हा कायदा सांगतो. कलम १० प्रमाणे मुलाला परिसरातल्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. मात्र हे कर्तव्य न पाळल्यास पालकांना काय शिक्षा, याची तरतूद कायद्यात नाही. सक्तीच्या शिक्षणाची मुख्य जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली आहे.

मग होमस्कूलिंग कायदेशीर की बेकायदेशीर? हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. २०१२ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात आधी म्हटलं की, स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. नंतर सरकारने ती भूमिका बदलली. त्यामुळे आजही होमस्कूलिंगला परवानगी देणारं थेट कलम नाही आणि घरी शिकवतात म्हणून पालकांना शिक्षा करणारं कलमही नाही.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग किंवा तीव्र स्वरूपाचं अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय कायद्यानेच दिला आहे.

नाशिकच्या पालकांनी व्यवहारात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, महाराष्ट्रात वेळोवेळी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं. पटावर नाव नसलेल्या मुलाची चौकशी करायला कोणी घरी आलं, तर घाबरायचं कारण नाही. मुलाच्या वह्या, पुस्तकं आणि केलेल्या कामाच्या नोंदी दाखवता आल्या पाहिजेत. दुसरी, चार-पाच कुटुंबांनी मिळून भाड्याच्या खोलीत रोजचे वर्ग भरवले आणि फी घेतली, तर ती विनामान्यता शाळा ठरण्याचा धोका आहे. कलम १८ प्रमाणे विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला १ लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे चालू ठेवल्यास दर दिवसाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आठवड्यातून एकदा मुलांनी एकत्र येऊन प्रयोग करणं वेगळं आणि रोजची शाळा भरवणं वेगळं.

पुढे दहावी-बारावीचं काय?

आजी-आजोबांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात यासाठी प्रामुख्याने तीन वाटा आहेत.

पहिली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ साली सुरू झाली. दहावीसाठी किमान वय १४ वर्षं, बारावीसाठी १५ वर्षं. उत्तीर्ण होण्यासाठी किमान पाच विषय लागतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. नोंदणीपासून पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत, ही काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी मोठी सोय आहे. दहावीच्या प्रवेशासाठी आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं. लहान मुलांसाठी याच संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर आहेत.

दुसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची. इथे पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. पाचवीसाठी किमान वय १० आणि आठवीसाठी १३ वर्षं.

तिसरी वाट जुनी आणि सगळ्यांच्या ओळखीची, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देण्यासाठी हा फॉर्म भरतात. दहावीसाठी विद्यार्थी किमान पाचवी उत्तीर्ण असावा लागतो. इथेच बऱ्याच पालकांची गाडी अडते. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर पाचवीचं प्रमाणपत्र आणायचं कुठून? त्यासाठी वरची दुसरी वाट आधी चालावी लागते. नाशिक विभागीय मंडळाच्या हद्दीत नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे येतात. फॉर्मच्या तारखा आणि अटी दरवर्षी जाहीर होतात, त्या वर्षीची सूचना वाचूनच अर्ज करावा.

शाळेतून काढून घरी शिकवणार असाल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटचं गुणपत्रक मागून घ्या, जपून ठेवा. जन्म दाखला आणि आधार कार्डावरचं नाव, स्पेलिंग, तारीख तंतोतंत जुळतात का हेही आत्ताच पाहा. दहावीच्या वेळी स्पेलिंगची दुरुस्ती करत फिरण्यात जो वेळ जातो तो कामाच्याच तासांतून जातो.

परतीचा दरवाजाही कायद्याने उघडा ठेवला आहे. ६ ते १४ वयोगटातलं मूल मध्येच शाळेत यायचं म्हणालं, तर कलम ४ प्रमाणे त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूदही आहे. चौदा वर्षांनंतर मात्र ही वाट इतकी सोपी राहत नाही.

तासांचं गणित

आता मुख्य मुद्दा. दिवसात किती तास शिकवावं लागतं?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळांसाठी किमान तास दिले आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. हा नियम शाळांसाठी आहे, घरासाठी नाही. पण हिशेब मांडायला तो चांगला आधार आहे.

वर्षातले दोन आठवडे सुट्टी धरली तर ५० आठवडे उरतात. ८०० तास भागिले ५० म्हणजे आठवड्याला १६ तास. सहावी ते आठवीसाठी आठवड्याला २० तास. शाळेत हे तास तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात वाटले जातात. हजेरी, फळा पुसणं, वही तपासायची वाट पाहणं हे सगळं त्यात आलं. घरी एका मुलाला समोर बसवून शिकवताना तेवढाच भाग कमी वेळात होतो. शिवाय मूल वाचायला लागलं की त्यातले बरेच तास ते स्वतःचे स्वतः भरतं.

म्हणजे आकडा अशक्य नाही. फक्त हे तास नोकरीच्या तासांच्या आत बसत नाहीत. इथेच बहुतेक घरांचं गणित चुकतं. "मी घरीच असते, मधेमधे शिकवीन" हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं. पण ऑफिसचं काम आणि भागाकार शिकवणं दोन्हींना पूर्ण लक्ष लागतं. मधेमधे शिकवलेलं मुलाला अर्धवट कळतं आणि ऑफिसचं राहिलेलं काम रात्री अकराला पुन्हा उघडावं लागतं. घरी असणं म्हणजे मोकळं असणं नव्हे, हे पालकांनीही समजून घ्यायला हवं आणि मुलांनाही समजावून सांगायला हवं.

एक उदाहरण मांडून पाहू

समजा, नाशिकच्या इंदिरानगरमध्ये एक कुटुंब राहतं. आई पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते, साडेनऊ ते साडेसहा. बाबा अंबड एमआयडीसीत पहिल्या पाळीला, सात ते साडेतीन. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. आजी घरी आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात. मुलांच्या मागे धावणं त्यांना जमत नाही.

सकाळी साडेसात ते नऊ: आई दोन्ही मुलांना घेऊन बसते. नवीन शिकवायचं ते फक्त याच वेळात, मुख्यतः गणित आणि भाषा. धाकट्याला वाचन-लेखन देऊन मोठीला गणित, मग उलट. सोमवार ते शनिवार, आठवड्याचे ९ तास.

साडेनऊ ते एक: आईच्या खोलीचं दार बंद. या वेळात मुलांनी जुनंच करायचं. सोडवलेल्या प्रकारची गणितं, गोष्टीचं पुस्तक, चित्र, हस्ताक्षर. आजी समोर बसून पुस्तक वाचून घेतात किंवा पाढे म्हणून घेतात. अडलं तर वहीत फुली करून पुढे जायचं. "आईला आत्ता विचारायचं" हा पर्याय फक्त पडलं-लागलं तरच.

एक ते पावणेदोन: सगळ्यांचं जेवण. सकाळच्या फुल्या इथे आई पाहते.

दुपार: विश्रांती, खेळ.

साडेचार ते साडेपाच: बाबांचा तास. विज्ञान, भूगोल, दुरुस्तीची कामं, बाजारहाट. सोमवार ते शुक्रवार, आठवड्याचे ५ तास. रात्रीचा स्वयंपाकही बाबांकडे, कारण सकाळचा डबा आणि शिकवणं आईकडे आहे.

शनिवारी दुपारी ३ तास घराबाहेर, दोघांपैकी एकाबरोबर.

बेरीज केली तर ९ अधिक ५ अधिक ३, म्हणजे १७ तास होतात. मुलांनी आपापलं केलेलं काम यात धरलेलंच नाही. सुरुवातीला मांडलेले १६ तास इथे भरतात.

पण हेच वेळापत्रक उलटं करून पाहा. बाबांनी म्हटलं, "मी दमून येतो, मला जमणार नाही." मग ५ तास आणि रात्रीचा स्वयंपाक आईकडे गेला. आता आईचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि रात्री साडेअकराला संपतो. सहा महिन्यांत दोनपैकी एक गोष्ट सुटते, नोकरी किंवा होमस्कूलिंग.

हे तास शेवटी कोणाचे?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात असं दिसलं की, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे बाईची जवळजवळ पाच तासांची पाळी आधीच घरात चालू असते. त्यावर नोकरीचे आठ-नऊ तास आले. त्यावर शिकवणं आलं. हिशेब न मांडता होमस्कूलिंग सुरू केलं, तर ते कोणाच्या वाट्याला जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्याकडे घरी शिकून नाव काढलेल्यांच्या गोष्टीतही हे दिसतं. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी घरीच शिकवलं. घरच्या कामांमुळे दिवसा वेळ मिळत नसे, म्हणून त्या मुलीला पहाटे उजाडण्यापूर्वी झोपेतून उठवून पाठ देत. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हणून गौरवलं, ते शिक्षण त्या पहाटेच्या वेळातलं होतं.

अलीकडचं उदाहरण मुंबईच्या मालविका राज जोशीचं. सातवीनंतर तिने शाळा सोडली आणि घरी शिकली. आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावी उत्तीर्ण नसल्यामुळे आयआयटीचा दरवाजा मात्र तिच्यासाठी बंद होता. ही बातमी सोशल मीडियावर खूप फिरली. तिच्यातली एक ओळ फारशी कोणी पुढे पाठवली नाही: मुलीला शिकवण्यासाठी तिच्या आईने नोकरी सोडली होती.

नोकरी सोडणं चूक आहे असं नाही. पण तो निर्णय ठरवून घेतलेला असावा, दमल्यामुळे घ्यावा लागलेला नसावा. एक पगार गेला तर घराचा हप्ता, विमा, निवृत्तीची शिल्लक यांचं काय होईल, हे आधी कागदावर मांडा. काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा त्याच पदावर नोकरी मिळणं अवघड असतं, तेही त्या कागदावर लिहा.

ऑफिसशी काय बोलायचं?

घरून काम मिळणं हा भारतात सगळ्या नोकरदारांचा कायदेशीर हक्क नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याचा उल्लेख आहे, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि कंपनी व कर्मचारी यांचं एकमत असेल तरच. म्हणजे आजचं वर्क फ्रॉम होम उद्या बंद होऊ शकतं. २०२० नंतर अनेक कंपन्यांनी लोकांना आठवड्यातले काही दिवस ऑफिसला बोलावलंच. नाशिकहून पुण्याला आठवड्यातून दोनदा जायची वेळ आली तर मुलांचं काय, याचं उत्तर सुरुवात करण्याआधीच तयार हवं.

नेमणूकपत्रातल्या घरून कामाच्या अटी वाचा. साहेबांशी बोलताना "मी होमस्कूलिंग करते, समजून घ्या" असं मोघम सांगण्यापेक्षा नेमकी मागणी ठेवा. उदाहरणार्थ, "साडेनऊच्या आधी मीटिंग ठेवू नका, साडेनऊ ते एक मी कधीही फोनवर मिळेन." नेमक्या मागणीला होकार मिळण्याची शक्यता जास्त असते.

ऑफिसचा लॅपटॉप मुलांच्या अभ्यासाला देऊ नका. त्यावर कंपनीची माहिती असते, ती चुकून पुसली किंवा बाहेर गेली तर जबाबदारी तुमची.

घरून कामाचा अर्थ प्रत्येकासाठी लॅपटॉप असाही नाही. शिवणकाम, डबे, हिशेब लिहिणं, शिकवण्या अशी कामं करणाऱ्यांना ठरलेला पगार नसतो. त्यांनी एक आठवडा रोजचे तास आणि रोजची कमाई लिहून पाहावी. मुलांना बसून शिकवायला लागल्यावर कमाई किती घटते, ते लगेच कळतं. दिवाळी किंवा लग्नसराईसारखा हंगाम असेल तेव्हा शिकवणं कमी आणि पावसाळ्यात जास्त, अशी वर्षाची आखणी त्यांना करता येते. घरी शिकवण्याचा हा खरा फायदा आहे.

मोबाइल देऊन वेळ निभवायचा का?

कधीतरी सगळेच देतात. रोजचा उपाय म्हणून मात्र तो चालत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी. केंद्र सरकारच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांतही पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास सुचवले होते. म्हणजे शाळा पूर्ण बंद असतानाही सरकारला दिवसाला दीड तासाच्या पुढे जायचं नव्हतं.

स्क्रीनचे तेवढेच तास चांगल्या गोष्टीला वापरा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली होती. पहिली ते आठवीच्या मुलांनी घरातल्या आणि परिसरातल्या साध्या वस्तूंमधून, आई-बाबा-आजींबरोबर काहीतरी करून शिकावं, अशी तिची रचना होती. कणीक मोजणं, दुधाचा हिशेब, कुकरची शिट्टी का होते, हे सगळं अभ्यासाचंच आहे. ही कामं आजींबरोबरही होतात आणि आईच्या मीटिंगला त्यांचा त्रास होत नाही.

नाशिकमध्ये घराबाहेर काय शिकता येतं?

घरी शिकणाऱ्या मुलांनी घरातच राहायचं नसतं. दुसरी मुलं, दुसरी मोठी माणसं आणि दुसऱ्या जागा यांची त्यांना जास्त गरज असते. नाशिक याबाबतीत श्रीमंत शहर आहे.

सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासूनचं आहे. मुलांचं सभासदत्व घेऊन आठवड्याचा एक दिवस वाचनालयाचा ठरवता येईल. पांडवलेण्यांत २४ लेणी आहेत आणि सातवाहन काळातले शिलालेख भिंतीवर प्रत्यक्ष पाहता येतात. इतिहासाचा एक पाठ तिथे बसून होतो. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत जुनी नाणी आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात खनिजं आहेत. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ठिकाण. थंडीत तिथे पक्षी मोजायला जाता येतं. लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पाहिला की सरासरी आणि टक्केवारी वेगळी शिकवावी लागत नाही.

रोजच्या सोबतीसाठी मैदान, पोहणं, तबला, नाट्यशिबिर असं किमान एक काहीतरी ठरलेलं हवं. ते संध्याकाळी असलं की आई-बाबांनाही तासभर मोकळा मिळतो.

जमत नाहीये, हे कसं ओळखायचं?

दर तीन महिन्यांनी दोघांनी बसून चार प्रश्न विचारावेत.

एक, गेल्या तीन महिन्यांत मूल काय नवीन करायला शिकलं, हे वहीत दाखवता येतं का?

दोन, मुलाला आठवड्यात त्याच्या वयाची मुलं किती वेळा भेटतात?

तीन, घरातल्या मोठ्या माणसांपैकी कोणाची झोप सहा तासांच्या खाली गेली आहे का?

चार, नोकरीतलं काम वेळेवर होतं आहे का, की रोज उद्यावर ढकललं जातं?

दोनपेक्षा जास्त उत्तरं नकोशी आली, तर वेळापत्रक बदला. पुढच्या तीन महिन्यांतही तसंच राहिलं तर शाळेचा विचार करा. शाळेत परत घालणं म्हणजे हार नव्हे. मुलाला विचारायलाही विसरू नका. आठ-दहा वर्षांचं मूल आपल्याला काय आवडतं ते नीट सांगू शकतं. त्याला वर्गातले मित्र हवे असतील तर ते उत्तरही ऐकावं लागेल.

आणखी एक मधला मार्ग आहे. मुलाला अर्धवेळ शाळेत किंवा कमी तासांच्या जवळच्या शाळेत घालायचं आणि घरून कामाचा फायदा घेऊन शाळेबाहेरचा वेळ नीट वापरायचा. बऱ्याच पालकांना हवा असतो तो मुलाबरोबरचा निवांत वेळ. तो मिळवण्यासाठी शाळा सोडावीच लागते असं नाही.

सुरू करण्याआधी

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्ये आहे आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद आहे. नोकरी करत, घर सांभाळत शिकलेली कितीतरी माणसं या शहरात भेटतील. त्यांना विचारा, कसं जमवलं? बहुतेकांच्या उत्तरात घरातल्या आणखी कोणीतरी उचललेलं काम असतं. कोणी सासूने मूल सांभाळलं, कोणाच्या नवऱ्याने परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाक केला. होमस्कूलिंगलाही तेच लागू आहे.

म्हणून दाखला काढायला शाळेत जाण्याआधी शाळेच्या सुट्टीत एक महिना करून पाहा. वेळापत्रक कागदावर लिहा, प्रत्येक तासापुढे त्या माणसाचं नाव लिहा आणि कागद फ्रिजवर लावा. महिन्याच्या शेवटी कागदावर लिहिलेली नावं आणि प्रत्यक्ष काम केलेली नावं जुळतात का ते पाहा. जुळत असतील तर पुढे जायला हरकत नाही. सगळ्या तासांपुढे एकच नाव उरलं असेल, तर निर्णय घेण्याआधी त्या माणसाशी बोला.